खंडेनवमीला पाटावर बसलेला पेनड्राइव्ह

आमच्या उदगीरच्या घरी खंडेनवमीचा नियम कडक. पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. विळीसुद्धा पाटावर, म्हणून त्या दिवशी जेवायला हमखास गवार. ती हाताने मोडता येते.

त्या वर्षी पाटावर लॅपटॉपही होता, आजारी. विंडोज सुरूच होईना. निळा पडदा, फिरणारे ठिपके, पुन्हा निळा पडदा. आत आईची हळदीची गाणी होती. देगलूरच्या थोरल्या मावशीने वारण्याआधी सांगितलेली आणि आईने दोन वर्षं एका बोटाने टाइप केलेली. दुसरीकडे कुठेच नव्हती. दुरुस्तीवाला म्हणाला होता, सगळं पुसून नवं टाकावं लागेल. तेव्हापासून आईला जेवण गोड लागत नव्हतं.

मी लातूरहून पेनड्राइव्हवर लिनक्स ही दुसरी प्रणाली घेऊन आलो. विंडोजच्या वाटेला न जाता लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू करायचा आणि आतल्या फाइली काढून घ्यायच्या, एवढाच बेत. चपला काढता काढता मी तो आईला मोठ्या शहाणपणाने समजावला. तिने सगळं ऐकलं, पेनड्राइव्ह हातात घेतला, आणि मी पाय धुऊन येईपर्यंत त्याला ओलं हळदकुंकू लावून पाटावर बसवलासुद्धा.

"आई, हे काय करून ठेवलंस?"

"तुझं हत्यारच हाय न्हवं ते? आता उद्या."

माझं डोकंच फिरलं. मी बरंच बोललो, तिने काहीच मनावर घेतलं नाही. पण दुपारभर ती काही ना काही निमित्ताने पाटाजवळून जात होती. चारच्या सुमारास तिने माहूरच्या देवीच्या तसबिरीपुढे हात जोडले. "माफ कर माय, पोराला लई घाई हाय," म्हणाली, आणि स्वतःच दोन्ही वस्तू उचलून माझ्यापुढे आणून ठेवल्या. घाई कुणाला होती ते देवीला ठाऊक असणारच.

पेनड्राइव्ह लावला तर लॅपटॉप त्याला ओळखही दाखवेना. पेनड्राइव्हच्या तोंडात कुंकू गेलेलं! जुन्या टूथब्रशने घासलं, पंख्याखाली वाळवलं. तिसऱ्या खेपेला पडदा उजळला.

"हे आपलं न्हाई," आई घाबरली.

"आपलं आत आहे. थांब जरा."

'ताई' नावाचं फोल्डर उघडलं; आई मावशीला ताईच म्हणायची. गाणी जशीच्या तशी होती. आई पडद्यावर बोट फिरवत खाली खाली गेली आणि एका गाण्यावर थांबली. मी ते उघडलं. अर्धं मराठी, अर्धं कानडी. त्याचं तिसरं कडवं लॅपटॉप बंद पडल्यापासून तिला आठवत नव्हतं, आणि विचारायला मावशी नव्हती. ते समोर दिसलं तशी ती खुदकन हसली, डोळे पुसले आणि टाळ्या वाजवत मोठ्याने म्हणू लागली.

मी फाइली फोनवर उतरवून घेत होतो. दोन वर्षं ती टाइप करताना मी नुसत्या चुका काढल्या होत्या. इथे स्पेस दे, आधी सेव्ह कर. गाणं एकही ऐकलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि तरी इतका आनंद झाला की हसू आवरेना.

"झालं का रे तुझं?" तिने मध्येच थांबून विचारलं.

कॉपी केव्हाच पूर्ण झाली होती.

"अजून वेळ आहे," मी म्हणालो. "तू म्हण."