शेअरची दुसरी धार

म्हैस घ्यायची तर दोन वेळची धार बघून घ्यावी, ही आमच्या कसबा बावड्यातली जुनी रीत. विकणारा बेरकी असतो. बाजाराआधी तो एक धार चुकवतो, म्हणजे कास तट्ट भरलेली दिसते आणि गिऱ्हाईक फसतं. म्हणून संध्याकाळची धार बघायची, तिथंच मुक्काम ठोकून सकाळचीही बघायची, मगच पैसे द्यायचे. माझ्या वडिलांनी मागं फारसं काही ठेवलं नाही, पण हे शहाणपण ठेवलं. त्याच्याच जोरावर मी माझ्या बायकोला जवळजवळ वर्षभर शेअर घेऊ दिला नाही.

झालं असं, की बायकोचे गुडघे गेले आणि तिनं तिची म्हैस विकली. मी हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेला, मला पेन्शन आहे. पण म्हैस तिची होती. डेअरीचं दहा दिवसांचं बिल तिच्या हातात पडायचं आणि त्याचं ती काय करते, हे विचारायची माझी छाती नव्हती. म्हशीचे पैसे बँकेत ठेवून ती म्हणाली, "ह्येचं एखाद्या कॉम्प्युटर कंपनीचं शेअर घेऊया. डेअरीत कॉम्प्युटर आला तवापास्नं दुधाच्या फॅटवरनं भांडणं मिटली की. चालणारा धंदा हाय." पुण्यात त्याच क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीनं एक मोठी, जुनी कंपनी सुचवली आणि आईच्या फोनवर खातंही उघडून दिलं.

मी म्हणालो, "थांब. दोन धारा बघू."

मग रोज सकाळी मी तिला पेपर मोठ्यानं वाचून दाखवू लागलो. अमेरिका कर वाढवणार, कुठं तरी लढाई पेटणार, यंत्रं माणसांच्या नोकऱ्या खाणार. कंपनीचे तिमाही निकाल लागले ते झकास, भाव उसळला. मी म्हणालो, कास तुंबवलेली असणार, पुढची धार बघू. पुढच्या तिमाहीत नफा घटला, भाव कोसळला. "बघितलंस? आटली," मी म्हणालो.

"मग स्वस्त झालाय तर घेऊया की."

"अजून पडंल."

तो पडला नाही, चढला. आता चढलेला कसा घ्यायचा, म्हणून मी परत पेपर उघडला. इतिहासाच्या मास्तराला घडून गेलेलं फार छान समजतं.

मधेच तिच्या भाचीचं लग्न ठरलं. एका दुपारी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "भाचीला साडी घ्यायची व्हती. पैसं द्याल का थोडं?" म्हशीच्या पैशाला तिला हात लावायचा नव्हता, ते मोडलं की म्हैस खरंच गेली असं तिला वाटायचं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं असे पैसे कधी मागितले नव्हते. मी लगेच दिले. तिनं ते मान खाली घालून घेतले आणि मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर तिनं शेअरचं मला विचारणंच सोडलं. महिनाभरानं कॅलेंडरवर दर दहा दिवसांनी कुंकवाचं बोट टेकवलेलं दिसलं. म्हैस होती तेव्हाचे ते डेअरीच्या बिलाचे दिवस होते. विचारलं, तर म्हणाली, "दर बिलाला एक शेअर. म्हशीच्या पैशातनं."

"अगं, आज भाव वाढलाय, बघितलास का?"

"असू दे की. म्हशीची फॅट रोज सारखी लागायची व्हय? कवा सात, कवा सहा. कमी लागली म्हणून मी दूध घरात ठिवलं का कवा?"

मला फक्त म्हैस घ्यायचं कळत होतं, सांभाळायचं कळत होतं ते तिला.

पुढं एकदा बाजार चांगलाच घसरला. तिला धीर द्यायला मी स्वयंपाकघरात गेलो, तर ती घाईघाईनं चष्मा शोधत होती. बिलाचा दिवस होता.

परवा पहिला लाभांश आला. रक्कम सांगण्यासारखी नाही. ती हळूहळू चालत गल्लीत गेली, नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा चीक पैसे देऊन आणला आणि खरवस केला. म्हैस व्याली की खरवस शेजारी वाटायचा असतो, म्हणून चार घरी वाट्या गेल्या. शेजारीण विचारायला आली, "अवं काकू, म्हस तर इकलीसा की?"

"नवी घेतलीया. वैरण मागत न्हाय."

निवृत्तीला मिळालेले माझे फंडाचे पैसे अजून बँकेतच आहेत, योग्य वेळेची वाट बघत. मी खरवसाची दुसरी वडी घेत होतो, तेवढ्यात तिनं पदराची गाठ सोडून थोड्या नोटा माझ्यापुढं ठेवल्या.

"साडीचं. ऱ्हायल्यालं पुढच्या खेपंला."

नको म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण मी ते गिळलं आणि नोटा उचलल्या. या वेळी मान मी खाली घातली.