देव्हाऱ्यापुढचं पाऊल

रागिणी सकाळचा चहा कधी लगेच पीत नसे. आधी स्टीलचा पेला खिडकीच्या उजेडात तिरपा धरायचा, हळूच फिरवायचा, त्यावर उमटलेली बोटं बघायची, मगच ओठाला लावायचा. चहा बहुतेक जुईली करायची, म्हणून पेल्यावर जुईलीची बोटं असत. रेघ न् रेघ वेगळी, मधोमध सुबक भोवरा. शेजारी रागिणीची स्वतःची बोटं नुसती पुसट, ओल्या फडक्याचा हात फिरल्यासारखी.

"झाला का पंचनामा?" जुईली विचारायची. "गार होतोय."

"होऊ दे."

अमरावतीत दोघी एकाच खोलीत राहत आणि कायद्याच्या एकाच वर्गात शिकत. शनिवारी एकाच एसटीने अकोल्याला उतरत. तिथे जुईलीचे बाबा, हरिहर वकील, स्कूटर घेऊन उभे असायचे. ती जठारपेठेतल्या घरी पोचून हातपाय धुवायची, तेव्हा रागिणी अजून पातूरच्या गाडीची वाट बघत असायची. घरी गेलं की कापूस वेचायला हात लावावाच लागे. सुकल्या बोंडांच्या टोकांनी बोटं खरवडून निघत. वर्गात शाईने ठसे घेतले, तेव्हा सरोजिनी मॅडमनी जुईलीचा कागद सगळ्यांना दाखवला होता. रागिणीचा बघून म्हणाल्या, "तुझे परत घेऊ." परत घेतलेलेही तसेच आले.

जुईलीच्या घरातल्या पुस्तकांचा किंवा वडिलांच्या काळ्या कोटाचा हेवा कुणालाही वाटला असता. रागिणी मात्र तिच्या बोटांवरच्या रेघांवर जळत होती.

तरी फॉरेन्सिक हा विषय आपला, असं तिने मनाशी धरलं होतं. नागपूरला घटनास्थळाच्या तपासाची स्पर्धा होती आणि कॉलेजातून एकच जण जाणार होता. ती जागा तिला हवी होती. जुईलीला मिळू नये, हेही त्या हवेपणात होतं. किती, ते तिने कधी तपासलं नाही.

निवडीत शेवटी दोघीच उरल्या. मॅडमनी कॉलेजमागच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये चोरी झालेलं घर मांडलं. उघडं कपाट, उपडी खुर्ची, कोपऱ्यात देव्हारा, त्यातली मूर्ती गेलेली, पुढे रांगोळी सांडलेली. एकटीने आत जायचं, काही न हलवता बघायचं, फोटो काढायचे आणि आपलं मत द्यायचं.

रागिणी आधी गेली. खिडकीच्या चौकटीवर तिला बुटाचा अर्धा ठसा सापडला. मग जुईली निघाली, पायांत निळी प्लास्टिकची आवरणं चढवून. तिच्या मामाच्या दवाखान्यातली. रागिणीच्या पोटात दुखलंच.

वर्गात आधी जुईली उभी राहिली.

"चोर घरातला आहे, मॅडम. देव्हाऱ्यापुढे अनवाणी पाऊल उमटलंय. चोरी करतानाही चप्पल काढली, म्हणजे त्याला त्या घराची सवय आहे." तिने मोबाईल पुढे केला. "उजवा पाय. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. टाचेला भेगा. इतका स्वच्छ ठसा मी पुस्तकातही पाहिला नव्हता."

मॅडम गोंधळल्या. "असं पाऊल आम्ही ठेवलंच नव्हतं. चोर खिडकीतून आला, बूट घालून. रागिणीने लिहिलंय ते बरोबर."

"मॅडम, देव सोताच चालत गेला असन!" मागून नितेश ओरडला. वर्ग खिदळला.

"पण ठसा आहे ना," जुईली म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापत होता.

रागिणीने तो कापरा आवाज गुळाच्या खड्यासारखा जिभेवर धरून ठेवला. आणि मग बाकाखाली तिचा उजवा पाय आपोआप डाव्यामागे लपला. चप्पल. देव्हारा दिसल्याबरोबर ती दारातच काढली होती. मूर्ती नसलेल्या देव्हाऱ्यापुढे उभी राहून हातही जोडले होते. खाली बघितलंच नव्हतं.

आता गप्प बसलं की नागपूर तिचं.

"चुकलं असेल माझं," जुईली म्हणाली आणि तिने मोबाईल बाकावर पालथा घातला.

चुकलं नव्हतं. करंगळी बरोबर होती, भेगा बरोबर होत्या. रागिणीची एवढी स्वच्छ खूण आजवर कुणी वाचली नव्हती, आणि वाचली ती नेमकी हिने. हेही हिलाच जमलं! रागिणीचा तळवा जळायला लागला.

"मॅडम, तो पाय माहा हाय," ती म्हणाली, आणि चप्पल काढून तिने पाय बाकाबाहेर ठेवला.

पुन्हा हशा झाला. मॅडम हसल्या नाहीत. "तपासणाऱ्यानेच पुरावा बिघडवायचा?"

"देव दिसला, मॅडम."

जागा जुईलीला मिळाली.

खोलीवर ती बॅग भरत होती. निळी आवरणं सगळ्यांत वर होती. रागिणी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"तू बोलली नसतीस, तर कुणालाच कळलं नसतं," जुईली म्हणाली.

"तुले कळलं असतं. एकाच खोलीत राहतो आपण. आज नाही तं उद्या माहा पाय दिसलाच असता."

"फक्त म्हणून बोललीस?"

जुईलीने चहा केला, पेला तिच्या हातात दिला आणि सवयीने खिडकीसमोरून बाजूला सरकली. रागिणीने पेला उजेडात धरला नाही. तशीच एक घोट प्याली.

"साखर कमी पडली," ती म्हणाली.