आत्यानं भरलेलं खातं

माझी चुलतबहीण लुसेआने हाताची सढळ. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यातला पगार हाती पडला की निम्मा टोंगा देशात सासरी, उरल्यातला बराचसा चर्चच्या देणगीत. आम्हा टोंगन लोकांत बँकेत पैसा साठवणारा कंजूष ठरतो. पण नवऱ्याला ऑकलंडला आणायचं, तर त्याला पोसण्याची ऐपत बँकेच्या कागदांवर दिसावी लागते.

नवरा सिओसिफा तिकडे टोंगात, वावाऊ बेटावर. दोन वर्षं दोघांची भेट नाही. ती फोन समोर टेकवून जेवायची.

"आज काय खाल्लंस?"

"तारोचा कंद."

"नुसता?"

"तू असतीस तर मासा तळला असतास."

 मला ते ऐकवत नसे.

खरं तर खात्यात दर महिन्याला पगार जमा झाल्याची नोंद पुरेशी होती. पण फातई आत्यानं खात्यातली शिल्लक पाहिली आणि तिला लाज वाटली.

"पाहुण्याला उघडी जमीन दाखवतात का गं? वर चटई घालायची!"

घरोघर फिरून तिनं पैसे जमवले आणि एका दिवसात लुसेआनेच्या खात्यात भरले. लुसेआने धास्तावली, पण आमच्यात आत्यापुढे बापाचंही चालत नाही. कागद तसेच गेले.

व्हिसाच्या मुलाखतीत साहेबानं सिओसिफाला विचारलं, "बायकोकडे अचानक एवढा पैसा आला कुठून?"

"लोकांनी दिला," सिओसिफा म्हणाला.

"परत कधी करायचा?"

"आमच्यात दिलेलं कुणी परत घेत नाही."

साहेबाला ते पटलं नाही. तीन महिने ही रक्कम अशीच ठेवा, मग बघू, असं उत्तर आलं. त्या साहेबाचा मला अजून राग येतो. आत्याचाही येतो, पण तिला सांगणार कोण?

त्या संध्याकाळी सिओसिफा फोनवर म्हणाला, "पैशाला हात लावू नकोस." लुसेआने हो म्हणाली आणि भरल्या ताटावर रडत बसली. आत्यानं तिच्यापुढचं ताट बाजूला सारलं.

"त्या पैशात विमानाचं तिकीट येतं का गं?"

"येतं. पण मग खातं पुन्हा रिकामं. व्हिसा लांबेल."

"लांबू दे. कागद साहेबाला नंतर दाखव, तोंड आधी नवऱ्याला दाखव."

ती पंधरा दिवस जाऊन आली. विमानतळावर घ्यायला मीच गेलो होतो. 

"दादा, वाटलं होतं, एकदा बघून आले की जीव शांत होईल."

"मग?"

"आता जास्तच आठवण येते."