सोवळं लाकूड

लालबागच्या आमच्या चाळीत वाळवीचा कर्दनकाळ राहतो, म्हणजे आमचे शेजारचे काका. बुधवारी, रविवारी ते प्रत्येक दारात पिशवी घेऊन उभे असतात. "कोळंबीची सालं टाकू नका हां!" ती वाळवून, कुटून, काय काय करून व्हिनेगरात विरघळवतात आणि तो लेप मजल्यावरच्या दिसेल त्या लाकडाला चोपडतात. चौकटी, कपाटं, माझी भिंतीवरची फळी, काही म्हणून सुटलं नाही.

"केमिकल म्हणजे विष रे. हे नॅचरल!"

मांजरांना ते लगेच पटलं. ती दारं चाटत बसतात.

वाळवी मात्र खरंच गेली. गेली ती थेट काकांच्या देव्हाऱ्यात. मजल्यावर तेवढंच सोवळं लाकूड उरलं होतं.

"मग लावा की तुमचा लेप," मी म्हटलं.

काकांनी कानाला हात लावले. "देवाला कोळंबी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" आणि केमिकलवाल्याला फोन केला.

फवारणीचा वास जाईपर्यंत देव माझ्याकडे आहेत, त्याच फळीवर. काका रोज आंघोळ करून येतात आणि डोळे मिटून हात जोडतात. शेजारी मांजरही तितक्याच भक्तीने वर बघत बसलेलं असतं.