पुढे फेकलेला पहिला चेंडू

मला स्वस्थ बसता येत नाही. पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. बायको म्हणते, पायाला नाही, जिभेला. त्या दिवशी इथल्या, आखातातल्या हिद्द गावच्या प्लांटमधून अर्ध्या दिवसाची लीव्ह काढून लेकीच्या शाळेत पोचलो, तेव्हा कार्यक्रमाला चाळीस मिनिटं होती. ती मी हॉलबाहेर येरझाऱ्या घालून संपवली.

लेक आठवीत. मागच्या वर्षी याच स्टेजवर तिची दातखीळ बसली होती. दोन वाक्यं बोलली, मग गप्प, मग रडत खाली आली. पुन्हा कधी स्टेजवर जाणार नाही म्हणाली. या वर्षी मात्र आपणहून नाव दिलं आणि विषयही स्वतःच निवडला: अमेरिकेतलं सुरुवातीचं बेसबॉल आणि फुटबॉल. आम्ही रत्नागिरीकडची क्रिकेटवेडी माणसं, हिला हे खूळ कुठून लागलं देव जाणे. महिनाभर नईम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना तेच. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत सांगायची. तिचं पाच मिनिटांचं भाषण तिच्याआधी मला पाठ झालं.

सुरुवात झकास झाली. पूर्वी बेसबॉलवाले उघड्या हातांनी चेंडू झेलायचे. हात सुजायचे, बोटं मोडायची. मग कुणीतरी हातमोजा घातला, पण कातडीच्या रंगाचा, म्हणजे प्रेक्षकांना दिसायला नको. हॉल हसला. माझा गुडघा सारखा हलत होता, बायकोने त्यावर हात दाबून धरला.

मग फुटबॉल. तिकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू पोटाशी धरून धडका मारत पळायचं. चेंडू पुढे फेकायला बंदी. पोरं हातात हात अडकवून एकमेकांवर घुसायची. काही जिवानिशी गेली, खेळच बंद करा अशी ओरड झाली. शेवटी नियम बदलला आणि चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली. "मग एका सामन्यात एकाने तो पहिल्यांदा फेकला," लेक इंग्रजीत म्हणाली, "आणि..."

आणि गप्प.

आमच्या इथल्या मराठी मंडळात गणपतीला पोरगं स्टेजवर अडखळलं, की पहिल्या रांगेतून चार बायका पुढची ओळ सांगतात. त्याला कुणी आगाऊपणा म्हणत नाही, मायाच म्हणतात. इथे कुणीच काही बोलेना. मला मागचं वर्ष दिसायला लागलं. मी उभा राहिलो आणि चौथ्या रांगेतून ओरडलो, "इट फेल, बाळा! कुणाच्याच हातात नाही आला! खाली पडला!"

लोक हसले. चांगल्या मनानेच हसले असतील. तिने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि उरलेलं कार्डावर बघून भराभर वाचून टाकलं. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात माझ्या. पोरीला वाचवलं असंच मला वाटत होतं.

गाडीत माझी टकळी चालू होती. "मस्त झालं गं. जरा अडकलीस, पण होतं असं. मी होतोच ना!"

मागच्या सीटवरून उत्तर आलं, आणि चक्क मराठीत. "मी अडकले नव्हते, बाबा. थांबले होते."

"थांबलीस? घरी तर कधी थांबली नाहीस."

"घरी फक्त तू होतास. तिथे सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, पुढे काय झालं म्हणून. आणि मला भीती नाही वाटली."

घरच्या वाटेवर, सनद भागातल्या सिग्नलपुढे मी गाडी बाजूला घेतली. कान गरम झाले होते. इतकी लाज मला कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

"मग आता सांग," मी म्हणालो. "पहिल्यापासून. मी एक अक्षर बोलणार नाही, शप्पथ."

तिने हातातली कार्डं दप्तरात टाकली.

"आता काय सांगू? शेवट तर तूच सांगितलास."