डोंगरावर नेलेले डबे

डोंगरावरून घरी आलं की बूट धुतले जातात, सॅक उन्हात पडते, पायही दोन दिवसांत दुखायचे थांबतात. किस्से मात्र साठतच जातात, आणि आमचे सगळे किस्से खाण्याचेच. सोलापुरात चढायला डोंगर नाही. म्हणून आम्ही शाळेच्या तीन मजली जिन्यावर सराव करतो आणि दोन-तीन महिन्यांनी चौघं मिळून सह्याद्री गाठतो. मी शाळेतला क्लार्क. देशपांडे सर गणित शिकवून रिटायर झालेले. नागमणी अक्का भवानी पेठेत शिवणकाम करतात. आणि महादेव मामा, रेल्वेतले जुने फिटर, कुर्डुवाडीला गाडीत चढतात.

पहिल्या वेळी ठरलं होतं, प्रत्येकानं थोडं थोडं आणायचं. वर पोचून डबे उघडले, तर चारही डब्यांत शेंगाचटणी. भाकरी एकाकडेही नाही. प्रत्येकाला वाटलेलं, भाकरी काय, कुणीतरी आणेलच की.

मामा बराच वेळ चटणीकडे बघत बसले. मग म्हणाले, "पाणी लई जपून प्या."

तेव्हापासून काय न्यायचं ते मी ठरवतो.

*

सरांनी मोबाइलवर वाचलं की गिर्यारोहक चॉकलेट खातात. एप्रिलात त्यांनी डझनभर घेतली. सोलापूर स्टेशनवरच ती पातळ झाली. वर गेल्यावर सर कागद उलगडून बोटानं चाटू लागले.

अक्कांनी शांतपणे विचारलं, "सर, हे खायचं का लावायचं?"

*

अक्कांची कडक भाकरी दोन दिवस टिकते, सॅकमध्ये दबली तरी चुरा होत नाही. एकदा मामांनी तिचा घास घेतला आणि 'कट्' असा आवाज झाला. मामांची कवळी नवीन होती. आम्ही सगळे थांबलो.

"काय मोडलं?" मी विचारलं.

मामांनी आतून जीभ फिरवली. "भाकरीला काय झालं न्हाय."

पुढच्या वेळी अक्कांनी एक वेगळा डबा आणला. त्यात मऊ धपाटे होते.

*

सरांची शिस्त मोठी. दर तासाला शिट्टी वाजवायची आणि माणशी दोन खजूर द्यायचे. तिसरा मागितला तर देत नाहीत. एकदा वाटेत दोन कॉलेजच्या मुली भेटल्या. चिप्सच्या एका पुड्यावर निघाल्या होत्या, चेहरे उतरले होते. सरांनी आपल्या वाट्याचा सगळा खजूर त्यांच्या हातात ठेवला.

"सर, आणि हिशोब?" मी विचारलं.

"हिशोब बरोबर आहे. माणसं वाढली."

पुढच्या तासाला सरांनी वेळेवर शिट्टी वाजवली, आणि स्वतः नुसतं पाणी प्यायले.

*

मामांना शुगर आहे. कळसूबाईला निघायच्या आदल्या दिवशी मामींचा फोन आला. "त्यांच्याकडं गोड सापडलं तर काढून घ्या. लपवायची लई सवय हाय." पायथ्याशी मी झडती घेतली. टोपीत पेढा, खिशात चिक्की, बाटलीच्या कप्प्यात लाडू. सगळं भाड्याच्या जीपमध्ये ठेवलं. मामांना मोह नको म्हणून आम्हीही कुणी गोड घेतलं नव्हतं.

सकाळी मामांनी गोळी घेतली होती, पण चढायच्या घाईत भाकरी टाळली. वाटेतल्या लोखंडी शिड्यांपाशी ते एकदम खाली बसले. अंगाला घाम, हात थरथरायला लागलेले, बोलणं अडखळत होतं.

"साखर उतरलीय," सर म्हणाले. "गोड काढा."

सॅका उपड्या केल्या. चटणी, भाकरी, खारे शेंगदाणे. जीप दोन तास खाली होती, आणि गोड काढून घेणारा मीच होतो.

मामा वाकून बुटाशी चाचपडत होते. बूट चावत असेल म्हणून मी नाडी सोडली. त्यांनी मोजा ओढला. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुळाचा खडा होता. अक्कांनी तो लगेच त्यांच्या तोंडात घातला.

पंधरा-वीस मिनिटांनी मामांनी स्वतःहून भाकरी मागितली, तेव्हा मी रडायचाच बाकी होतो. ते खात असताना मामींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. "मामी, चुकलं माझं."

मामींनी एवढंच विचारलं,

"कुटल्या मोज्यात सापडला?"

"उजव्या."

"मग डाव्यातला अजून हाय. दोन्हीत मीच ठिवलेत. उतरताना लागला तर द्या."