मधल्या ठिपक्याकडे

ठिपक्यांचं वर्तुळ काढायला फार अक्कल लागत नाही. कॉम्प्युटरवर एक ठिपका काढायचा, त्याचा फिरण्याचा बिंदू ओढून वर्तुळाच्या मध्यावर आणून ठेवायचा, पंधरा अंशांचा कोन द्यायचा आणि कॉपी करायची. मग तेच पुन्हा, पुन्हा. ठिपके एकामागून एक येतात आणि गोल पुरा होतो. त्याच्या बाहेर जरा मोठ्या ठिपक्यांचा दुसरा गोल, त्याच्याही बाहेर तिसरा. इस्लामपुरातल्या माझ्या दुकानात लग्नपत्रिकेपासून गुळाच्या बॉक्सपर्यंत ही नक्षी मी इतक्या ठिकाणी लावली आहे, की गिऱ्हाईक "तुमचं ते ठिपक्याचं" असं म्हणूनच मागतं.

तपासायची रीत मात्र माझी नव्हे. तरुणपणी ज्या पेंटरकडे पाट्या रंगवायला शिकलो, त्याची. तो म्हणायचा, एक डोळा मीट आणि मधे बघ. कडेला कुठं बिघडलं असलं तर ते आपणहून खुपतं. ब्रश गेले, कॉम्प्युटर आला, तरी मी उजवा डोळा मिटून स्क्रीनच्या मधोमध बघतो आणि मगच फाईल छापायला सोडतो.

दिवाळीच्या आधी एका बेकरीवाल्या चाचांच्या नानखटाईच्या डब्यासाठी गोल स्टिकर केले. गठ्ठा न्यायला आले, तेव्हा त्यांनी एक स्टिकर उचलून उजेडात धरला.

"आर्टिस्ट, तुमच्या चक्राचे दोन दात पडले की हो."

मी डोळा मिटून बघितलं. गोल पुरा होता. "चाचा, चष्मा पुसा."

"माझा पुसलाय. तुमी तुमचा पुसा." त्यांनी वर उजवीकडे बोट ठेवलं. मी थेट बोटाकडे बघितलं. खरंच तिथं दोन ठिपके नव्हते. नाव बसवताना चुकून उडाले असणार. चाचांनी बोट काढलं, मी पुन्हा उजवा डोळा मिटून मधे बघितलं, आणि ती रिकामी जागा माझ्या डोळ्यांसमोर भरून आली.

"असू द्या," चाचा हसले, "लोक नानखटाई खात्यात, ठिपके न्हाई खात."

ते गेल्यावर मी स्क्रीनवर नवं वर्तुळ काढलं. वर उजवीकडचे दोन ठिपके मुद्दाम काढून टाकले, उजवा डोळा मिटला, मधे बघितलं. गोल पुरा. त्यांच्या शेजारचे आणखी काही पुसले. तरीही पुरा. मी स्वतःच्या हाताने पुसलेले ठिपके मला तिथं दिसत होते. डावा डोळा मिटला, तर खिंडार लख्ख.  मी माऊस बाजूला सारला.

हे काय आहे ते मला ठाऊक होतं, भीती त्याची होती. नाहीतर मी चष्म्याच्या दुकानात गेलो असतो आणि नंबर वाढला म्हणून गप्प बसलो असतो.

आमचे आबा कोरेगावजवळच्या आमच्या गावात शेती करायचे. शेवटच्या वर्षांत ते दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, कडेला ठेवलेला तांब्या लाथाडायचे. मी त्यांना चारचौघांत बोललो आहे, "बघून चालाय काय होतंय तुमाला?" ते म्हणायचे, "बघूनच चालतूय रं. समोरचं सगळं दिसतंय की." खोटं बोलत नव्हते. समोरचं दिसतच होतं. सांगलीला दाखवलं तेव्हा काचबिंदू निघाला आणि उशीर झालेला होता. डॉक्टरांनी आबांना बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, हा आजार रक्तातून येतो, तुम्ही भावंडांनी दरवर्षी तपासून घ्या. वेळेत कळलं तर थेंबांवर थांबतो, पण गेलेली नजर परत येत नाही.

मला एकच भाऊ, धाकटा. घरी पोचलो तर अंगणातच उभा होता.

"दादा, काय म्हणला डॉक्टर?"

"वयाचं हाय म्हणला."

बस, एवढंच वाक्य. त्यानं तेव्हा नुकताच ट्रॅक्टर घेतला होता, त्याला कशाला घाबरवा, अशी मी माझी समजूत घातली. खरं तर त्याला सांगितलं असतं, तर तो म्हणाला असता, चल, दोघं जाऊन येऊ. आणि मला जायचं नव्हतं. माझं पोट डोळ्यांवर. माझं निदान माझ्या कानावर पडू नये, म्हणून मी त्याचाही कान झाकला. आबा गेले. त्यालाही बरीच वर्षं झाली.

आता मात्र सांगलीला गेलो. तिथं एका मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसवतात, एक डोळा झाकतात. आत पांढरी वाटी असते. "मधल्या ठिपक्याकडे बघा," बाई म्हणाल्या, "कडेला कुठं ठिणगी दिसली की बटण दाबा. मधलं सोडू नका." म्हणजे माझीच नक्षी, फक्त एकेक ठिपका उजळून विझणारी. मी वाट बघत राहिलो. बराच वेळ काही येईना. मशीन बंद पडलं असं वाटलं. मशीन चालू होतं.

डॉक्टर आता दुसरे होते, तरुण. काचबिंदूच म्हणाले, आणि मग विचारायला लागले. घरात कुणाला होतं? वडिलांना. भाऊ-बहीण? एक भाऊ. त्यांना तपासायला सांगितलंय ना?

मी मान हलवली. होय म्हणून. आणि थेंबांची बाटली खिशात घालून बाहेर आलो.

त्यानंतर झोप उडाली. मोटारसायकल सोडली, बायकोला सांगितलं, क्लच गेलाय. चालतानाही डावीउजवीकडे मान फिरवत चाललो की लोक बघायचे. पण माझं मी सांभाळत होतो. भाऊ उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याला जात होता. हंगाम सुरू झालेला. रस्त्यात कुठंही उसाच्या ट्रॉल्या दिसल्या, की आधी मी त्यांच्या कडेनं चालणाऱ्या माणसांकडे बघायचो. फोन वाजला, स्क्रीनवर गावाकडचा नंबर असला, की दुकानाबाहेर जाऊन उचलायचो. एकदा भावजयीचा फोन आला तेव्हा मी काही ऐकायच्या आधीच विचारलं, "कुणाला लागलं?" ती म्हणाली, "आवं भावजी, कुणाला लागतंय? हुरड्याला कवा येताय ते इचारतीय."

गेलो. तोंडानं सांगायचा धीर नव्हता म्हणून एक कागद छापून नेला. ठिपक्यांचं मोठं वर्तुळ, वर उजवीकडे खिंडार. भाऊ बांधावर ट्रॉलीला टेकून उभा होता, ऊस भरून झाला होता.

"एक डोळा झाक आन् मधे बघ," मी म्हणालो. "कायबी चुकलं असलं तर सांग."

"जादूचा खेळ हाय व्हय?" त्यानं डावा डोळा झाकला. "मधेच बघू ना? हितं वर ठिपके न्हाईत की, उजव्या अंगाला. दादा, लय धांदरट झालायस गड्या."

माझा जीव भांड्यात पडला. इतका, की तिथंच कागद घडी करून खिशात घालावा आणि हुरडा खाऊन परत जावं असं वाटलं. असं वाटलं हेही इथं लिहून ठेवतो.

"आता दुसरा झाक."

त्यानं हात बदलला. थोडा वेळ बघितलं. मग हसला.

"आता सगळे हायत. कागद कवा बदललास रं?"

कागद त्याच्याच हातात होता. त्यानं झाकलेला डोळा उघडला, कागद बघितला, पुन्हा झाकला. हसू गेलं. मग मी सांगितलं. आबांचं, डॉक्टरांचं, "वयाचं हाय" म्हणालो ते, नव्या डॉक्टरांपुढं मान हलवली तेही.  माझ्या कागदात काही दोष असेल, असं मी उगाच म्हणून बघितलं. त्यानं ट्रॅक्टरची किल्ली काढून बांधावर ठेवली आणि म्हणाला, "तवा सांगितलं असतंस तर?"



दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं सांगलीला आलो. वाटेत तो खिडकीला बसून एक डोळा झाकायचा, मग दुसरा. मी बघतोय असं दिसलं, की हात खाली घ्यायचा.

आता तो पडद्याच्या आत आहे. बाईंचा आवाज आला, मधल्या ठिपक्याकडे बघा. त्याच्या हातातलं बटण बारीक वाजतं, ते बाकावर ऐकू येतं. उजव्या डोळ्याला ते भरभर वाजलं. आता डावा चालू आहे. टक. टक. मग काही नाही.

मी वाट बघतोय.